चरग्याचा हात

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आजपासून रोजनिशी. ही डायरी औषधाच्या कंपनीने जानेवारीत दिली होती. आठ महिने कोरी राहिली यात माझा दोष नाही, या आठ महिन्यांत माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडलंय. उजवा खांदा दुखतो. नागपंचमीपासून दुखतो.

हुलसूरच्या बाजारात माझं खत-औषधाचं दुकान आहे. शेतकऱ्याने आणलेलं पान बघून तुरीवर कुठली अळी पडलीय ते मी सांगतो. कधी कधी नुसता शेतकऱ्याचा चेहरा बघूनही सांगतो. आधी निदान, मग फवारणी, हे आपलं तत्त्व. तेच खांद्याला लावायचं.

निदान: बॅटरी पंप. गिऱ्हाइकाला दाखवताना भरलेला पंप खांद्यावर घ्यावा लागतो. उपाय: डेमो बंद. आठवड्यात फरक पडेल.

घाई अशी नाही. हात लागणार तो थेट येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, डिसेंबरअखेर. तोवर तुरीलासुद्धा शेंगा लागतात.

९ सप्टेंबर, सोमवार

फरक नाही. डेमो बंद केल्यापासून पंप मात्र जास्त खपायलेत. हे वेगळं तपासायला हवं.

नवीन निदान: उशी. सुशीलाने बसवकल्याणहून नवीन कापूस भरून आणलाय. तिला सांगितलं. ती म्हणाली, उशी डोस्क्याखाली असती, खांदा कामून दुखंल. बायकोला शास्त्र समजावणं आणि उभ्या पावसात युरिया टाकणं सारखंच. जुनी उशी मागून घेतली.

मूळ मुद्दा लिहून ठेवतो. तो कधी विसरणार नाही, पण लिहिलेलं बरं. येळवशीला रानात कडब्याची कोप घालायची, लक्ष्मीची पूजा करायची आणि मग घरातल्या थोरल्याने आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे एकत्र करून त्याचा चरगा उजव्या हाताने पिकावर फेकत रानाला फेरी मारायची. बाकीचे मागून ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ म्हणत येतात. आमच्यात वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, पण येळवस एक आहे. आमचे वडील, अप्पा, गेल्यापासून चरगा माझ्याकडे. माझी मूठ पार मधल्या बांधापलीकडे जाते. थोरल्याची मूठ जिथवर जाईल तिथवर पीक, असं अप्पा म्हणायचे. धाकटा व्यंकट मागून चालतो. त्याची जागा ती आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

जुन्या उशीने मानही दुखू लागली. म्हणजे निदानाची दिशा बरोबर होती.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हैदराबाद मुक्तिदिनाचं झेंडावंदन. दुकानदार संघटनेचा अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत होतो. सॅल्यूट हनुवटीपर्यंत गेला. पुढे जाईना. प्रसंगावधान राखून हात तिथूनच छातीवर आणला आणि डोळे मिटले. दोघातिघांनी नंतर येऊन सांगितलं की भाव फार चांगला होता.

कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

व्यंकटची मुलगी स्नेहा गुलबर्ग्याहून आलीय. फिजिओथेरपी शिकते. मी ॲडमिशनच्या वेळीच म्हणालो होतो की मालीश शिकायला एवढं लांब कशाला. पोरगी मनात ठेवत नाही.

मी शर्ट घालत होतो, तिने बघितलं. मोठे अप्पा, हात वर करा म्हणाली. केला. अजून म्हणाली. केलाच होता. मग तिने स्वतः धरून उचलला. तिच्याही हाताने तो गेला नाही. मी ओरडलो नाही. तोंडातून आवाज निघाला तो वेगळा. मग हात पाठीमागे न्यायला सांगितला. तो खिशापर्यंत गेला. खिशापर्यंत जाण्यात काही गैर नाही, माणसाला पाठीमागे काय काम असतं?

ती म्हणाली, दुसऱ्यानं उचलला तरी जात न्हाई म्हंजे सांधाच आखडलाय. सांध्याभोवती एक पिशवी असते, ती जाड होऊन आवळत जाते. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. हळूहळू सुटतो, पण व्यायाम रोज लागतो. इथवर ठीक होतं. मग म्हणाली, शुगर असल्यांना हे जास्त होतं, एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या.

मी विषय बदलला. हुलसुरात बर्फ पडत नाही, तिथे खांदा फ्रीज कसा होईल, असं विचारलं. ती हसली, पण कागदावर तपासणीचं नाव लिहून सुशीलाच्या हातात दिलं.

शुगर या विषयावर माझं मत अनुभवातून तयार झालेलं आहे. अप्पा धडधाकट होते. एका शिबिरात रक्त तपासलं, शुगर निघाली, आणि तिथून माणूस खचत गेला. तपासलं नसतं तर निघाली नसती. यात न समजण्यासारखं काही नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

स्नेहाचे व्यायाम सुरू. आधी गरम शेक. मग टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मग भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि जिथवर पोचलो तिथे पेन्सिलने खूण. खूण रोज थोडी वर जायला पाहिजे.

पहिली खूण केली. उद्यापासून वेग घेऊ.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वेळ वाचावा म्हणून लंबक दुकानातच केला. मंठाळचा चनमल्लप्पा रोज येऊन बाकावर बसतो. माल क्वचित घेतो, पण मित्र आहे. मी काउंटरमागे वाकून हात हलवत होतो. त्याला वाटलं काहीतरी पडलंय. काय शोधायलाव अण्णा म्हणून तोही खाली वाकला. आता व्यायाम म्हणालो असतो तर खांद्याची बातमी संध्याकाळपर्यंत मंठाळला पोचली असती. चावी पडली म्हणालो. मग आणखी दोन गिऱ्हाइकं शोधायला लागली. शेवटी खिशातली चावी हळूच खाली टाकली आणि चनमल्लप्पाने ती शोधून दिली. त्याला फार आनंद झाला.

दुकानात व्यायाम बंद.

३० सप्टेंबर, सोमवार

भिंतीवरची खूण कालच्या खुणेच्या खाली आली. भिंतीत दोष असावा. पोटॅशच्या पोत्यावर उभं राहून केल्यास खूण चांगली वीतभर वर जाते. हे तंत्र स्नेहाला माहीत नसावं. तिला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

दुकानाची मांडणी बदलली. वरच्या फळीवरच्या बाटल्या खाली, त्याही डाव्या हाताला. सुशीला म्हणाली, खालची पोती वरल्या फळीवर गेली, ती कोण काढणार? मी म्हणालो, गिऱ्हाईक स्वतः काढेल, मोठ्या शहरात याला सेल्फ सर्व्हिस म्हणतात. ती काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं अलीकडे वाढलंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. बन्नीची, म्हणजे शमीची पानं बंगार, सोनं म्हणून द्यायची आणि गळाभेट घ्यायची. सकाळपासून मी पानं लांबूनच हातात देत होतो. चनमल्लप्पा मागून आला. बंगारासारखं राहू अण्णा, म्हणत त्याने मला उचललंच. गडी पैलवान होता एके काळी. डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून त्याच्याही डोळ्यांत आलं. आपली दोस्ती एवढी खोल हाय हे मला म्हाईत नव्हतं, असं म्हणाला आणि परत मिठी मारली.

खांद्यावर एरंडाचं पान गरम करून बांधलं.

२० ऑक्टोबर, रविवार

खांद्यावरचं एरंडाचं पान दिसलं आणि चनमल्लप्पाला शेवटी कळलंच. त्याने मंठाळच्या हणमंतप्पाकडे नेलं. हणमंतप्पा हाडं बसवतो. त्याने खांदा चाचपला आणि म्हणाला, हाड जागच्या जागी हाय, मी काय करू? मी म्हणालो, एवढ्या लांबून आलोय, काहीतरी करा. तो नको म्हणत होता. मी आग्रह केला. कुठल्याही कामात ग्राहकाचं समाधान महत्त्वाचं, हे मी त्याला दुकानदार म्हणून समजावलं.

त्याने ओढला.

२१ ऑक्टोबर, सोमवार

हात गळ्यात बांधलाय. विचारणाऱ्यांना मधमाशी म्हणून सांगतो.

२८ ऑक्टोबर, सोमवार

महत्त्वाचा शोध. हात अजिबात न हलवल्यास अजिबात दुखत नाही. म्हणजे खांदा जवळजवळ बरा आहे, फक्त वापरता येत नाही. व्यायामाने उगीच त्रास होत होता. खांद्याला संपूर्ण विश्रांती. स्नेहाला जुने फोटो उलट्या क्रमाने पाठवतो.

६ नोव्हेंबर, बुधवार

संघटनेतर्फे आरोग्य शिबिर. उद्घाटक मीच. फीत डाव्या हाताने कापली. भाषण चांगलं झालं. रोग अंगावर काढू नका, पीक आणि शरीर दोन्ही वेळेवर तपासा, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. लोक तपासायला रांगेत उभे राहिले, आणि त्या भाषणाच्या जोरावर नर्सबाई सुई घेऊन पहिल्यांदा माझ्याचकडे आली. अध्यक्षांपासून सुरुवात करू म्हणाली.

मी जेवलोय म्हणालो. ती म्हणाली, जेवला तरी चालतंय. मी म्हणालो युरियाची गाडी आलीय. गाडी खरंच आली होती, मागच्या आठवड्यात.

निघताना बघितलं तर व्यंकट त्याच रांगेतून बाजूला निघून घरी चालला होता. त्यालाही सुईची भीती. घराण्यातच आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

झोप मोडते. कारणांची साखळी नीट मांडली: झोप मोडते कारण लघवीला उठावं लागतं. उठावं लागतं कारण पाणी फार पितो. पाणी पितो कारण तहान लागते. तहान लागते कारण थंडीची हवा कोरडी. म्हणजे मूळ कारण हवा. यावर माणूस काही करू शकत नाही. मन शांत झालं.

कूस बदलताना आवाज होतो. सुशीला जागीच असते. आज अंधारात म्हणाली, एकदा रगत दाखवाव की. मी घोरलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

येळवस महिन्यावर. दुकानामागे तालीम घेतली. ज्वारीची मूठ भरली, फेकली. मूठ चपलेवर पडली.

खांदा न वापरता कमरेतून गिरकी घेऊन फेकल्यास मूठ चांगली लांब जाते. दिशा मात्र ठरवता येत नाही. एक मूठ चनमल्लप्पाच्या चहात गेली. त्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा ओतून दिला. तो म्हणाला, डाव्या हातानं टाका की, लक्ष्मी काय हात बगती का? त्यांच्याकडे चालत असेल. आमच्याकडे डावा हात म्हणजे अपशकुन, आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना कळणं.

४ डिसेंबर, बुधवार

तोडगा सापडला. इतकी वर्षं या धंद्यात असून कसा सुचला नाही याचं आश्चर्य वाटतं. चरगा पंपाने फवारायचा. आंबील गाळून टाकीत भरायची, पंप डाव्या खांद्यावर घ्यायचा, बटण दाबायचं. सगळ्या पिकाला एकसारखं कव्हरेज. हाताने फेकल्यास ज्वारीच्या एका ताटाला भरपूर आणि दुसऱ्याला काहीच नाही, हा या प्रथेतला जुनाच दोष आहे.

सुशीलाला सांगितलं. ती म्हणाली, लक्ष्मीला जेवू घालायलाव का तिच्यावरची कीड मारायलाव? मी म्हणालो आधी प्रयोग बघ, मग बोल. तिने आंबील करून दिली. वाद घालण्यापेक्षा आंबील करणं तिला सोपं वाटलं असावं.

५ डिसेंबर, गुरुवार

दुकानातला नवाकोरा पंप काढून परसात प्रयोग. सुरुवातीला बारीक फवारा छान आला. मग लसणाची पाकळी नोजलात बसली. मी दाब वाढवला. पाइप सुटला. ताक, ज्वारीचं पीठ आणि कोथिंबीर माझ्या अंगावर, भिंतीवर आणि वाळत घातलेल्या धुण्यावर एकसारखं बसलं. कव्हरेजचा मुद्दा सिद्ध झाला.

पंप धुऊन पुसून परत खोक्यात ठेवला.

१० डिसेंबर, मंगळवार

चनमल्लप्पाने वर्षातून एकदा काहीतरी विकत घ्यायचं ठरवलं, आणि तोच पंप नेला. मी जेवायला गेलो होतो, सुशीलाने दिला. आज परत घेऊन आला. हरभऱ्यावर औषध मारलं की फोडणीचा वास सुटतोय म्हणाला. शेजारची माणसं जेवायला काय केलंय विचारायलीत. मी कंपनीवर खापर फोडलं. तो गेल्यावर सुशीला पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. एवढं हसण्यासारखं काही नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. व्यंकट आला. बराच वेळ तुरीच्या भावाबद्दल बोलला. मग म्हणाला, अण्णा, यंदा चरगा मी टाकू का? तुमी म्होरं चाला, नारळ तुमीच फोडा, निस्तं फेकायचं मी बगतो.

मी विचारलं, थोरला जिवंत असताना धाकट्याने चरगा टाकलेला तू कुठे बघितलास? तो म्हणाला, तसं न्हाई अण्णा, तुमचा खांदा. माझ्या खांद्याला काय झालंय, असं मी विचारलं. मी विचारत असताना सुशीला माझ्या उजव्या हाताला बाही चढवत होती आणि माझी बटणं लावत होती. तो तिकडे बघत राहिला. मग चहा न घेता गेला.

त्याने वाटणीतही कधी काही मागितलं नव्हतं. बैल, विहिरीचं पाणी, आंब्याचं झाड, सगळं मी म्हणेन तसं घेतलं. म्हणूनच राग आला.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. खांद्याची नाही. अप्पांना गुलबर्ग्याला ठेवलं होतं तेव्हा ड्रेसिंगच्या वेळी त्यांचा पाय मी धरायचो. व्यंकट तेव्हा रान सांभाळायचा, त्याने ते बघितलेलं नाही. पाय काढला त्या दिवशी अप्पा मला म्हणाले, अंकुश, ह्ये आता व्यंकटला नगं दावू. मी दाखवलं नाही. आता तेच माझ्यात निघालं तर मला तरी कुणी दाखवू नये.

उद्यापासून व्यायाम पुन्हा सुरू. पोत्याशिवाय.

२३ डिसेंबर, सोमवार

व्यायाम सुरू करायचा राहिला. सीझन आहे.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस. दोन्ही घरच्या बायका आमच्या चुलीवर. भज्जीसाठी वाल, वाटाणे, ओल्या तुरी सोलून झाल्या, गव्हाची खीर शिजतेय, आंबिलीचं मडकं भरून ठेवलंय. वासाने माणूस निम्मा बरा होतो. स्नेहा आलीय. तिने खांद्याबद्दल काही विचारलं नाही. नुसता शेक दिला.

मेडिकलमधून दुखणं मारायच्या गोळ्या आणल्यात. सकाळी एक, निघताना एक. उद्याचं उद्या.

३० डिसेंबर, सोमवार. संध्याकाळ

झालं. उत्तम झालं.

कोपीत पूजा झाली. पाटीत चरगा कालवून घेतला. पाटी डाव्या कडेला, उजवा हात मोकळा. गोळ्यांनी काम केलं होतं. पहिली मूठ घेतली आणि अप्पांचं नाव घेऊन फेकली. मूठ कुठे पडली हे वळून बघायची थोरल्याची पद्धत नाही, नजर समोर ठेवून चालायचं. पण कान उघडे होते. प्रत्येक मुठीनंतर लांब ज्वारीत सळसळ व्हायची, थेट मधल्या बांधापलीकडे. मागून व्यंकट एवढ्या मोठ्याने ओलगे ओलगे ओरडत होता की शेजारच्या रानातले लोक बघायला लागले. पंधरा तारखेचं मनात धरलेलं दिसलं नाही. मला बरं वाटलं. बोलून नाही दाखवलं.

फेरी पुरी झाली तेव्हा हात कापत होता, पण तो भक्तीने. जेवण झकास. व्यंकटने खीर घेतली नाही, त्याच्या वाटची मी घेतली.

एक गोष्ट स्पष्ट झाली. निदान, तपासण्या, व्यायाम हे सगळं दुय्यम आहे. वेळ आली की हात वर जातो.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी स्नेहाने घरच्या ग्रुपवर कालचा व्हिडिओ टाकला. थोड्या वेळाने काढूनही टाकला. पण तोवर मी बघितला होता आणि फोनमध्ये ठेवलाही होता.

पुढे मी चाललोय. मान ताठ आहे, चाल चांगली आहे. मूठ भरतो, हात छातीपर्यंत येतो, आणि मूठ माझ्या पायापाशी पडते. पुढची मूठ पायापाशी. तिच्या पुढची धोतरावर. दोन पावलं मागे व्यंकट. त्याच्या कडेला दुसरी पाटी आहे, उपरण्याखाली झाकलेली. माझा हात हलला की तो ओलगे ओलगे ओरडतो आणि मूठ फेकतो. मूठ माझ्या डोक्यावरून जाते आणि लांब ज्वारीत पडते. त्याच्यामागे सुशीला, तिच्यामागे व्यंकटची बायको, सगळे माझ्या पायाशी पडलेल्या उंड्यांवरून जपून पाय टाकत चालले आहेत. कुणी हसत नाही. कॅमेरा धरलेली स्नेहासुद्धा नाही.

पहिल्यांदा वाटलं कॅमेऱ्याचा अँगल असेल. परत लावला. अँगल नव्हता.

सुशीलाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, दुसरी पाटी मीच भरून दिली की. मग म्हणाली, भाऊजी परवा रात्री इचारायला आलते, अण्णाला कळू न देता कसं करायचं म्हणून.

दुपारी दुकान बंद ठेवलं. संध्याकाळी व्यंकटकडे गेलो. बराच वेळ तुरीच्या भावाबद्दल बोललो. मग म्हणालो, गुलबर्ग्याला माल बघायला जायचंय, येतोस का? तो म्हणाला, येतो. मी म्हणालो, सकाळी लवकर निघू, उपाशीपोटीच. त्याने कामून असं विचारलं नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

डायरीची तारखेची पानं संपली. मागे खतांच्या जाहिरातीनंतर कोरी पानं आहेत, त्यावर लिहितोय. आज गुलबर्ग्याला जाऊन आलो.

शुगर निघाली. आकडा लिहीत नाही. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. ही काल-परवाची नाही म्हणाले, खांदा तिनेच धरलाय. शुगर आटोक्यात ठेवा, व्यायाम रोज करा, वर्ष-दीड वर्षात सुटत येईल. व्यायाम कुठले ते कागदावर काढून दिले: वाकून लंबक, भिंतीवर बोटं. पोत्यावर उभं राहू नका असंही म्हणाले. स्नेहा त्यांच्याच दवाखान्यात शिकायला जाते.

बाहेर बाकावर आलो. व्यंकटला सांगायची वाक्यं मी गाडीतच तयार केली होती. धाकट्याने घाबरू नये, घरात आधी मला झालंय, पुढचं मी बघून घेईन, अशी. पहिलं वाक्य बोललो. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक मोडली आणि बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली. नाष्ट्याच्या आधी घ्यावी लागती म्हणाला.

मी विचारलं, ही कशाची? तो म्हणाला, ह्येचीच.

स्नेहा दहावीला होती तेव्हापासून. घरात सगळ्यांना माहीत आहे. सुशीलाला माहीत आहे. चनमल्लप्पाला माहीत आहे. शिबिरात रांगेतून निघाला तो सुईच्या भीतीने नाही, त्याचं रक्त त्याच आठवड्यात तपासून झालं होतं.

मी म्हणालो, मला कामून सांगितलं न्हाईस? तो खाली बघत म्हणाला, अप्पाचा पाय तुमी धरायचाव अण्णा. परत तुमाला त्ये दावावं वाटलं न्हाई.

उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवावा वाटला, तो तेवढा वर गेला नाही. त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

परतताना त्याला म्हणालो, पुढच्या येळवशीला चरगा तूच टाक, मी मागून येतो. तो म्हणाला, न्हाई, म्होरं तुमीच चाला, पाटी घिऊन, मी मागून फेकतो. म्हणजे सगळं यंदासारखंच. फरक एवढाच की पुढच्या वर्षी मला ते माहीत असेल.